लहरी थंडीत ट्रे-कुंड्यांत भाजीची रोपे करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि पहाटे दात वाजतात. अशा दिवसांत बी पेरावे की थांबावे हे कळत नाही. खालचे प्रश्न ट्रे, कुंड्या, डबे, बाटल्या यांत रोपे करणाऱ्यांचे आहेत. शेतातली गादीवाफ्यावरची रोपवाटिका हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही. तापमानाचे सगळे आकडे सेल्सिअसमध्ये आहेत.

थंडी कधी सरेल याचा नेम नाही. मग बी पेरायचे तरी कधी?

रोप कायमचे बाहेर कधी न्यायचे ते आधी ठरवा आणि तिथून उलटे आठवडे मोजत या. मिरची आणि वांग्याला पेरणीपासून 8 ते 10 आठवडे लागतात, टोमॅटोला 6 ते 8, कोबी-फुलकोबीला 4 ते 6, सॅलडला (लेट्यूस) 4 च्या आसपास. काकडी, दुधी, दोडका, भोपळा ही मंडळी 3-4 आठवड्यांत तयार होतात आणि त्याहून जास्त दिवस लहान भांड्यात कोंडली तर बिघडतात. कांदा सावकाश चालतो, त्याला 8 ते 10 आठवडे धरा. हे सगळे उबदार जागेचे हिशेब आहेत. माती गार असेल तर नुसत्या उगवणीतच दोन-तीन आठवडे जातात.

जिथे दहिवर (गोठलेले दव) पडते तिथे शेवटच्या दहिवराची सरासरी तारीख बघून बेत आखतात. पण ही सरासरी आहे. साधारण निम्म्या वर्षांत त्या तारखेनंतरही एखादी गोठवणारी रात्र येऊन गेलेली असते. म्हणून टोमॅटो, मिरची, वांगी आणि वेलवर्गीय भाज्यांसाठी त्या तारखेत आणखी दोन आठवडे मिळवावेत.

आणखी एक, पाकिटातले सगळे बी एका दिवशी पेरू नका. तीन हप्ते करा, मध्ये दहा-बारा दिवस जाऊ द्या. पहिला हप्ता थंडीत सापडला तर दुसरा हाताशी असतो. घाई करून तसेही फारसे हाती लागत नाही. गारठ्यात अडकून मुळांचा गुंता झालेले दहा आठवड्यांचे टोमॅटोचे रोप आणि उबेत वाढलेले सहा आठवड्यांचे रोप शेजारी शेजारी लावले, तर बहुतेक वेळा धाकटेच पुढे निघून जाते.

बी चांगले आहे, पाणीही देतो, तरी उगवत का नाही?

बहुतेक वेळा माती गार असते. आपण खोलीतली हवा किंवा मोबाइलवरचा अंदाज पाहतो, बियाला मात्र मातीच्या तापमानाशी देणेघेणे असते. ओल्या मातीतून पाणी सतत उडत असते, त्यामुळे ट्रेमधली माती खोलीतल्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गारच राहते. ट्रे थंड फरशीवर असेल तर आणखी गार.

फरक किती पडतो ते बघा. टोमॅटोचे बी 25 अंशांना साधारण 6 दिवसांत वर येते, 20 ला 8, 15 ला 14 आणि 10 अंशांना 40 दिवसांहूनही जास्त. मिरची 25 ला आठवडाभरात दिसते, 15 ला तीन आठवडे उलटून जातात. भेंडी 30 ला आठवड्यात येते, 20 ला अडीच आठवडे घेते. उलट सॅलड 10 अंशांतही आठवड्यात उगवते आणि 35 अंशांत मात्र बहुधा उगवतच नाही. पालक 10 अंशांना 12 दिवस, कांदा 13, कोबी 15 दिवस घेते.

चाळीस दिवस ओल्या, गार मातीत पडलेले बी नुसते वाट पाहत बसत नाही, ते कुजायला लागते. म्हणून साधा सळईचा थर्मामीटर घ्या, दोन सेंटीमीटर खोल खुपसा आणि पहाटे आकडा बघा. दुपारचा आकडा मनाला बरे वाटायला ठीक आहे, निर्णय मात्र पहाटेच्या आकड्यावर घ्यायचा.

थंडीत कोणत्या भाज्या आधी पेराव्यात?

कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, नवलकोल, सॅलड, पालक, कांदा, बीट आणि वाटाणा या थंडी सोसणाऱ्या भाज्या. यांची रोपे काटक झाली की शून्याच्या आसपासची एखादी रात्र निभावून नेतात. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी आणि सगळे वेल यांना दहिवर तर चालत नाहीच, पण 10 अंशांखालची साधी थंडीही बाधते. पाणी गोठायची गरज नसते. नुसत्या गारठ्यानेच त्यांच्या पेशींची पटले बिघडतात. काकडी यात सगळ्यांत नाजूक.

गाजर आणि मुळा यांची रोपे करण्याच्या फंदात पडू नका. मूळ हलले की ते वाकडे होते किंवा त्याला फाटे फुटतात. ही दोन्ही जिथे वाढवायची त्याच खोल कुंडीत पेरावीत.

माती कोणती वापरू? बागेतली चालेल का?

नको. बागेतली माती छोट्या भांड्यात घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि रोग फुकटात घेऊन येते. उन्हाळ्यात हे कदाचित खपून जाते, थंडीत नाही, कारण तेव्हा ट्रे वाळायलाच आठवडा लागतो.

दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग नीट चाळलेले, पूर्ण कुजलेले गांडूळखत आणि एक भाग परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली जाड वाळू, हे मिश्रण बहुतेकांना पुरते. कोकोपीट आधी दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असू शकतात. मिश्रण ट्रेमध्ये भरण्याआधीच ओले करा. मूठ आवळल्यावर गोळा व्हावा, एखाद-दुसरा थेंब निघाला तर चालेल, बोटाने टोचल्यावर गोळा सुटावा. पाण्याची धार लागली तर ते पसरून वाऱ्यावर ठेवा. कोरडे मिश्रण भरून वरून पाणी ओतले की वरचा थर चिखल होतो आणि खाली कोरडे राहते.

भांडे कोणते घ्यावे?

बुडाला भोके असलेले कोणतेही. पेरणीपुरती 4-5 सेंटीमीटर खोली पुरे. थंडीत लहान भांडी बरी, कारण त्यातली माती लवकर वाळते आणि लवकर तापते. मोठ्या कुंडीत एकुलते एक बी टाकले की भोवतालची सगळी माती ओलीच राहते, ती पिणारी मुळेच नसतात. मातीच्या भाजलेल्या कुंड्या उन्हाळ्यात उत्तम, पण त्यांच्या अंगातून पाणी उडते आणि त्या गार पडतात. रोपांसाठी थंडीत प्लॅस्टिक सरस. दह्याचे डबे, कागदी कप, काहीही चालते. भोके मात्र पाडाच, आणि खालच्या बशीत साठलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

बी किती खोल पेरायचे? आधी भिजवायचे का?

बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल. सॅलडचे बी वरच टाकून हलके दाबायचे, त्याला उजेड लागतो. दुधी, दोडका, कारले, भेंडी यांची जाड सालीची बिया रात्रभर कोमट पाण्यात भिजवली तर फायदा होतो. मिरचीचे बी ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी मोड आणून पेरता येते, थंडीत हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मोड दोन-तीन मिलिमीटरचा असतानाच पेरा, लांबला की मोडतो.

बी जुने असेल तर दहा बिया ओल्या कागदात ठेवून किती रुजतात ते आधी पाहा. कांद्याचे बी वर्ष-दीड वर्षात दम सोडते. टोमॅटो, काकडी, वांगी यांचे बी कोरडे आणि गार ठेवले तर चार-पाच वर्षे टिकते.

उगवणीसाठी ऊब कशी द्यायची? हीट मॅट घ्यावीच लागते का?

घ्यावीच असे नाही. हीट मॅट, म्हणजे ट्रेखाली घालायची विजेवर तापणारी चटई, मातीचे तापमान खोलीपेक्षा साधारण 5 ते 10 अंशांनी चढवते. घेतलीत तर थर्मोस्टॅटसह घ्या. नाहीतर दुपारी ऊन आले की माती 35 च्या पुढे जाते आणि मॅट तापवतच राहते. अंगावर घ्यायची विजेची चादर किंवा शेकायची पिशवी ट्रेखाली घालू नका, त्या ओल्या जागेसाठी बनवलेल्या नसतात.

मॅट नसेल तर घरातली उबदार जागा शोधा: जुन्या फ्रिजचा माथा, सतत चालू असणाऱ्या एखाद्या यंत्राच्या वरची फळी, स्वयंपाकघरातला उंच कोनाडा. खालच्या आणि छताजवळच्या हवेत थंडीच्या दिवसांत दोन-चार अंशांचा फरक सहज असतो. थर्मोकोलच्या खोक्यात ट्रे आणि शेजारी गरम पाण्याची बाटली, सकाळ-संध्याकाळ बदललेली, हाही उपाय चालतो. बी वर येईपर्यंत बहुतेकांना उजेड लागत नाही, त्यामुळे जागा अंधारी असली तरी बिघडत नाही.

पण दिवसातून दोनदा डोकावा. पहिली दोन-चार रोपे वाकलेल्या मानेने वर आली की त्याच दिवशी ट्रे उजेडात. उरलेले बी उगवायची वाट पाहत आणखी दोन दिवस अंधारात ठेवाल तर आलेली रोपे हातची जातील.

पारदर्शक झाकण कधी काढायचे?

उगवण सुरू झाली की. झाकणाच्या आत थेंब ओघळत असतील तर आतली हवा ओलीकंच आहे, आणि बुरशीला तेच हवे असते. झाकण लावलेला ट्रे थेट उन्हात कधीही ठेवू नका. बाहेर 12 अंश असले तरी आत तासाभरात 40 च्या पुढे जाऊ शकते आणि कोंब शिजतात.

रोपे उंच, किडकिडीत होऊन आडवी पडतात. काय चुकते?

उजेड कमी आणि ऊब जास्त. हे जोड दुखणे आहे. उगवणीला 25 अंश हवेत, पण उगवल्यावर तेवढी ऊब नको. टोमॅटोच्या रोपांना दिवसा 18 ते 21 आणि रात्री 15-16 अंश पुरतात, कोबीवर्गाला त्याहूनही कमी. रोपे आली की मॅट बंद करा.

खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो अपुरा असतो, त्यातून ढगाळ हवा असेल तर विचारू नका. साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या माथ्यापासून 10-15 सेंटीमीटरवर टांगली आणि रोज 14 ते 16 तास लावली तरी फरक चार दिवसांत दिसतो. रात्री बंद ठेवा. खिडकीतच ठेवायचे असेल तर ट्रे रोज अर्धा फिरवा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. संध्याकाळी पडदा ओढला की ट्रे काच आणि पडदा यांच्यामध्ये अडकतो, आणि घरातली सगळ्यांत गार जागा नेमकी तीच. पडदा ओढण्याआधी ट्रे आत घ्या.

लांबलेले टोमॅटोचे रोप बीजदलांपर्यंत (उगवताना येणारी पहिली दोन पाने) मातीत गाडून वाचवता येते, पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. कोबीचे थोडे खोल लावले तर चालते. मिरचीला याचा फारसा उपयोग होत नाही. काकडी-भोपळा खोल गाडू नका, खोड सडते.

थंडीत पाणी किती आणि केव्हा द्यावे?

या पानावरचे एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. घरातल्या ट्रेमधली रोपे थंडीने मरतात त्याहून जास्त थंडीत दिलेल्या पाण्याने मरतात. गार मातीत मुळे पाणी ओढत नाहीत, ढगाळ हवेत पानांतून उडत नाही, म्हणजे दिलेले पाणी तिथेच साचते. भरल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. मुळे गुदमरली की पाने मलूल होतात, आणि ती मलूल पाने पाहून माणूस आणखी पाणी घालतो.

दिवस ठरवून पाणी देणे सोडा. ट्रे उचलून बघा. भरपूर पाणी देऊन निथळलेला ट्रे एकदा हातात घ्या, वजन लक्षात ठेवा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा उचला. हलका लागला आणि वरच्या मातीचा रंग फिकट झाला, तरच पाणी. उन्हाच्या दिवसांत हे रोज असेल, पाऊस-ढगांच्या दिवसांत पाच-सहा दिवस पाण्याची गरजच पडणार नाही. उगवणीच्या काळात मात्र वरचा थर वाळू द्यायचा नाही, फवाऱ्याने ओलसर ठेवायचा. हा नियम बी वर येईपर्यंतच.

पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत पाने आणि माती वाफशावर येतात. नळाचे बर्फगार पाणी नको, खोलीत ठेवून उतरवलेले किंवा किंचित कोमट घ्या. शक्यतो खालून द्या: ट्रे उथळ पाण्यात ठेवा, वरची माती गडद झाली की उचला. तासन्‌तास बुडवून ठेवू नका.

काल टवटवीत असलेली रोपे आज सकाळी आडवी. बुडाशी बारीक झाली आहेत. हे काय?

रोपमर, म्हणजे रोपे कोलमडण्याचा रोग. जवळून पाहा: वरची पाने हिरवीच असतात, पण खोड मातीला टेकते तिथे दोऱ्याएवढे बारीक, पाणचट किंवा तपकिरी झालेले दिसते. चिमटीत धरून ओढले तर रोप तिथूनच तुटते. पिथियम, रायझोक्टोनिया, फायटोफ्थोरा असे अनेक जीव याला कारण ठरतात. पिथियमचे बीजाणू पाण्यातून अक्षरशः पोहत जातात, म्हणून चिंब ट्रेमध्ये एका कोपऱ्यातला रोग एका रात्रीत मधोमध येतो.

आडवे पडलेले रोप वाचत नाही. ते आणि भोवतालची चमचाभर माती उचलून फेकून द्या, कंपोस्टात टाकू नका. पाणी लगेच तोडा. झाकण असेल तर काढा. छोटा पंखा मंद वेगाने ट्रेच्या वरून फिरेल असा लावा, रोपे जेमतेम हलावीत इतकाच. मातीवर कोरडी बारीक वाळू किंवा व्हर्मिक्युलाइटचा (फुगवलेल्या अभ्रकासारख्या खनिजाचा) पातळ थर पसरा, खोडाभोवतीची जागा कोरडी राहते. दाट उगवले असेल तर विरळणी करा. उपटू नका, कात्रीने बुडातून कापा, शेजारच्याची मुळे हलत नाहीत.

ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयुक्त बुरशी, ती पेरणीआधी मिश्रणात किंवा बियांना चोळून वापरता येते. त्याचा उपयोग रोग येण्याआधी होतो, आल्यावर नाही, आणि थंड मातीत त्याचीही वाढ मंदावते. म्हणजे ट्रायकोडर्मा घातला म्हणून चिंब पाणी घालायची मुभा मिळत नाही.

टोमॅटोच्या पानांची खालची बाजू जांभळी पडली. खत कमी पडले का?

बहुधा नाही. माती गार असली की मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, मिश्रणात तो असला तरी. मग पानांच्या शिरा आणि खालची बाजू जांभळट होते आणि वाढ थबकते. खत घालून उपयोग नाही, ट्रे उबदार जागी हलवा. आठवडाभरात नवी पाने हिरवी येतात, जुनी जांभळी राहिली तरी काळजी नको. काही जातींच्या खोडावर जांभळी झाक मुळातच असते.

मग खत कधी सुरू करायचे?

बीजदलांनंतरच्या खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की. बीजदलांत शिदोरी असते, तोवर काही लागत नाही. मिश्रणात गांडूळखत असेल तर आणखी उशीर केला तरी चालतो. पाण्यात विरघळणारे खत पाकिटावरच्या मात्रेच्या पाव ते निम्मे, आठवड्यातून एकदा. गारठ्याच्या आठवड्यात खत टाळा. वाढत नसलेल्या रोपाला खत दिले की ते मातीत साचते आणि मुळे पोळतात.

मोठ्या भांड्यात कधी हलवू?

खऱ्या पानांची एक-दोन जोड्या आल्यावर, थंडीची लाट नसताना. रोप पानाला धरून उचला, खोडाला नाही. पान गेले तर दुसरे येते, खोड चेपले तर रोप जाते. वेलवर्गीयांची मुळे हलवलेली सोसत नाहीत, त्यांना सुरुवातीपासून कागदी कपात वेगवेगळे पेरा. आणि भांडे एकदम मोठे करू नका, आधीच्यापेक्षा दोन बोटे रुंद पुरे.

आज रात्री पारा एकदम उतरणार असे सांगितले आहे. ट्रे बाहेर आहेत. आता काय करू?

आत घेता येत असतील तर आत घ्या, बाकीचा विचार नंतर. न तापवलेली खोली, जिना, झाकलेली गॅलरी, काहीही चालेल, एका रात्रीपुरता अंधार रोपांना काही करत नाही. कुंडीचा खरा फायदाच हा आहे की ती उचलता येते. तोटाही लक्षात ठेवा: जमिनीतल्या रोपाच्या मुळांना खालच्या मातीची ऊब मिळत राहते, कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी गार हवा लागते. लहान ट्रेमधली माती पहाटेपर्यंत जवळजवळ हवेइतकीच गार झालेली असते.

धोका ओळखायला आकाश पाहा. निरभ्र आकाश, पडलेला वारा आणि कोरडी हवा, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर रात्र अंदाजापेक्षा गार जाते. ढग असले तर तेच पांघरूण होतात. अंदाजात 3 अंश दिसले म्हणून निश्चिंत राहू नका. तो आकडा माणसाच्या उंचीच्या आसपासच्या हवेचा असतो, पानाच्या पृष्ठावर तेव्हा शून्य असू शकते. सगळ्यांत गार वेळ मध्यरात्र नाही, सूर्योदयाच्या आगेमागे.

ट्रे इतके असतील की आत मावणार नाहीत, तर दिवसभर ऊन खाल्लेल्या भिंतीला लागून सगळे एकमेकांना चिकटवून ठेवा, नाजूक मधोमध, कोबी-कांदा कडेला. लोखंडी मांडणीवरून खाली घ्या, खाली पुठ्ठा किंवा थर्मोकोल घाला. बाहेरच्या कुंड्यांभोवती पोते, जुनी चादर, वर्तमानपत्रांचे थर गुंडाळा. काठ्या उभ्या करून त्यावर कापड टाका, कडा फरशीपर्यंत आणा आणि दगड ठेवा. हे सूर्य मावळण्याआधी करा, म्हणजे दिवसाची ऊब आत अडकते. प्लॅस्टिक वापरत असाल तर ते पानांना टेकू देऊ नका, टेकलेले पानच आधी जळते. आत गरम पाण्याने भरलेल्या चार-पाच बाटल्या ठेवल्या तर पहाटेपर्यंत थोडी थोडी ऊब सुटत राहते. माती अगदी कोरडी असेल तर दुपारीच थोडे पाणी द्या, ओलसर माती कोरडीपेक्षा जास्त ऊब धरते. चिंब मात्र नको.

बंदिस्त जागेत कोळशाची शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइड रोपांआधी माणसाचा जीव घेतो.

सकाळी ऊन आले की पांघरूण काढा. हे विसरलात तर थंडीतून वाचलेली रोपे दुपारी उकडून जातात.

ट्रे रात्रभर बाहेर राहिला, पाने काचेसारखी दिसताहेत. वाचतील का?

हात लावू नका, लगेच उन्हात नेऊ नका. सावलीत, गार पण न गोठणाऱ्या जागी हळूहळू सावरू द्या. गरम पाणी शिंपडू नका. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट होते: काळी, ओलसर, लोंबती पाने गेली. पण वाढीचा शेंडा कडक आणि हिरवा असेल तर थांबा, तीन-चार दिवसांत नवे पान दिसते. मेलेली पाने तोडायची घाई नको. कोबी आणि कांदा बहुधा उठून बसतात. टोमॅटोचा शेंडा गेला आणि बुड हिरवे राहिले तर बगलेतून फुटवा येतो, पण रोप इतके मागे पडते की दुसऱ्या हप्त्यातले लावणे शहाणपणाचे. काकडीच्या पानांवर पांढुरके सुकलेले चट्टे आले आणि शेंडा मऊ पडला तर फार वाट पाहू नका, नवे बी पेरा.

बाटल्या-कॅनमध्ये बी पेरून थेट बाहेरच ठेवायची पद्धत ऐकली आहे. चालते का?

थंडी सोसणाऱ्या भाज्यांसाठी छान चालते. चार-पाच लिटरचा पारदर्शक कॅन घ्या, बुडाला आणि कडेला भोके पाडा, मधून गोल कापा पण एका बाजूला बिजागरीसारखी पट्टी जोडलेली ठेवा. आत 8-10 सेंटीमीटर मिश्रण, त्यावर बी, मग चिकटपट्टीने बंद. बूच काढूनच ठेवा, हवा आणि पावसाचे पाणी आत जायला हवे. कोबी, सॅलड, पालक, कांदा आपापल्या वेळेला, माती पुरेशी तापली की उगवतात. पेरणाऱ्याला तारीख ठरवायची डोकेदुखी राहत नाही. सकाळी आत थेंब दिसत असतील तर ओल ठीक आहे. कडक ऊन पडले की झाकण उघडा. अशी रोपे सुरुवातीपासून काटक असतात.

मिरची आणि वांग्यासाठी ही पद्धत वापरू नका.

रोपे बाहेरच्या हवेला कशी सरावायची? मध्येच थंडी आली तर पहिल्यापासून सुरुवात करायची का?

नाही. साधारण 7 ते 10 दिवस लागतात. पहिल्या दिवशी सावलीत, आडोशाला, तास-दोन तास. मग रोज थोडा वेळ वाढवा, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सकाळचे कोवळे ऊन, शेवटी पूर्ण दिवस आणि रात्र. पाणी जरा ताणून द्या, पण पाने मलूल होऊ देऊ नका. उन्हाइतकाच वारा महत्त्वाचा: घरात वाढलेले पान पहिल्याच झोतात फाटते किंवा पांढरे पडते.

मध्ये दोन दिवस गारठा आला तर ट्रे आत ठेवा आणि नंतर जिथे सोडले तिथून पुढे चला. फक्त चांगले दिवस मोजा. थंडी आठवडाभर टिकली तर दोन पायऱ्या मागे या. उबप्रिय रोपांना रात्री 10 अंशांखाली बाहेर ठेवू नका. काटक करायचे म्हणजे उपाशी-गारठवत ठेवायचे नव्हे.

रोप लवकर लावले, पण कोबीला गड्डाच धरला नाही आणि कांद्याला डेंगळे (फुलांचे दांडे) आले. का?

ही झाडे एका मर्यादेपेक्षा जाड झाल्यावर काही आठवडे 5 ते 10 अंशांच्या थंडीत राहिली की त्यांना वाटते हिवाळा सरला, आता बी धरायचे. खोड पेन्सिलपेक्षा बारीक असताना तीच थंडी बाधत नाही. म्हणून फार आधी पेरून जाडजूड केलेली रोपे लहरी थंडीत तोट्याची ठरतात. फुलकोबीचे दुखणे थोडे वेगळे: लहान भांड्यात अडकून किंवा गारठून वाढ खुंटली की ती बटणाएवढा गड्डा धरून मोकळी होते.

ट्रेभोवती काळी चिलटे उडतात.

माती सतत ओली आहे. वरचा एक सेंटीमीटर वाळू द्या, पिवळा चिकट कागद लावा. अळ्या कोवळी मुळे खातात, तेव्हा दुर्लक्ष नको.

रोपे तयार आहेत, बाहेर अजून थंडी हटत नाही. त्यांना थोपवायचे कसे?

एक आकार मोठ्या भांड्यात हलवा, म्हणजे मुळे गुंडाळायची थांबतात. नत्राचे खत बंद. खोलीची ऊब उतरवा, टोमॅटोला 15-16 अंश दिवसा चालतात, पण उजेड कमी करू नका. पाणी ताणा. भांड्यांमध्ये अंतर वाढवा, पाने एकमेकांना टेकू लागली की उंचीची चढाओढ सुरू होते. टोमॅटोला आलेली पहिली फुले खुडून टाका. असे दोन, फार तर तीन आठवडे निघतात. काकडी-भोपळ्याला मात्र थोपवू नका. पेरणीपासून चौथा आठवडा ओलांडला की ती रोपे सरळ सोडून द्या आणि बी पुन्हा पेरा, उबेत ते आठवड्याच्या आत वर येते.